कोंडलेली पात

८ जुलै. लावणीच्या साड्या ट्रंकेतून काढल्या आहेत. लावणीच्या साड्या म्हणजे एरवी पायपुसणं करायच्या लायकीच्या, पण चार दिवस चिखलात खोचून वापरायला लागतात म्हणून जपून ठेवलेल्या. यंदा तीन निघाल्या. एकीला उंदराने भोक पाडलंय, दुसरीचा काठ सुटलाय. दुकानात बसूनच टाके घालते आहे. भोरला कॉलेजच्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. प्रवेशाचे दिवस असल्याने मांडीवर साडी, समोर दाखल्यांचा गठ्ठा आणि काउंटरपलीकडे ओल्या छत्र्या, असं चाललंय.

ट्रंकेच्या तळाशी साड्यांखाली मूठ सापडली.

भाताची रोपं उपटून त्यांची जुडी बांधतात, तिला आमच्याकडे मूठ म्हणतात. ही मात्र कापडाची आहे. माझ्याच एका हिरव्या ब्लाउजपीसची, आत पेंढा ठासून भरलेला, एका टोकाला तुटलेली वायर लोंबते आहे. मी ती हातात घेतली आणि सवयीने दाबली. काही झालं नाही. होणार कसं? जिथे व्हायचं तो पडदा बंगळूरला आहे, आणि ती बनवणारी साक्षी, माझी मुलगी, तीही तिथेच आहे. दर रविवारी फोन येतो. जेवलीस का, पाऊस आहे का, दुकान कसं आहे, ठेवते. चार मिनिटं. तिच्याकडे वेळ नसतो असं नाही. माझ्याकडेच चार मिनिटांच्या पुढचं बोलणं नसतं.

तीन वर्षं झाली त्या आषाढाला. साक्षी तेव्हा पुण्यात डिझाइन शिकत होती, शेवटच्या वर्षाला. मी तिला दोन दिवसांसाठी पासलीला बोलावलं होतं. पासली आमचं गाव, वेल्ह्याच्या पुढे डोंगरात. शेत दीर बघतात, पण लावणी सावडीवर चालते. शेजारचे आपल्या खाचरात येतात, आपण त्यांच्या. आमच्या घरचे दोन हात तरी ओळीत दिसले पाहिजेत. साक्षीच्या वडिलांना पावसाळ्यात एसटीच्या डेपोतून रजा मिळत नाही. म्हणून मी आणि ती.

"आई, माझं सबमिशन आहे गं."

"कधी?"

"अठरा दिवसांनी."

"मग दोन दिवसांनी काय बुडणार आहे?"

ती आली. कपड्यांची पिशवी लहान आणि लॅपटॉपची मोठी. शिवाय कॉलेजचा एक टॅब, वायरींची गुंडाळी आणि प्लास्टिकच्या डबीत दाब मोजणाऱ्या चार पातळ पट्ट्या. दोन दिवस लावणी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी परत निघायचं म्हणून रस्त्यावर येऊन एसटीची वाट बघत उभ्या राहिलो, तर एक माणूस पायी आला आणि म्हणाला, वर डोंगर खाली आलाय, आता काय एसटी येत नाही. आम्ही पिशव्या घेऊन परत फिरलो. तो रस्ता अकरा दिवस बंद होता.

अकरा दिवस ही काही फार मोठी गोष्ट नाही. गावातली माणसं शांत होती. धान्य होतं, सरपण होतं, लावणी उरकायची होतीच. कोंडमारा झाला तो आम्हा दोघींचाच. भोरला माझं दुकान ऐन प्रवेशाच्या दिवसांत बंद, आणि हिचे अठरातले दिवस एकेक करून गळत चाललेले. तोरणा त्या अकरा दिवसांत एकदाही दिसला नाही. दारातून बाहेर पाहिलं की पांढरं, आणि घरात चुलीचा धूर. कपडे वाळत नव्हते, नुसते धुराचे होत होते. वीज पहिल्याच दिवशी गेली. मोबाईलला रेंज फक्त वरच्या बांधावर, तीही छत्री एका विशिष्ट बाजूला धरून उभं राहिलं तर. साक्षी कॉलेजला फोन लावायला तिथे जाऊन उभी राहायची आणि भिजून परत यायची. दर वेळी मी एकच विचारायचे, "काय म्हणाले?" आणि ती दर वेळी एकच सांगायची, "तारीख बदलत नाही."

दरडीच्या अलीकडे एक जीप अडकली होती. तिच्या बॅटरीवर अख्खी वाडी मोबाईल चार्ज करून घ्यायची. साक्षीने त्या रांगेत लॅपटॉप नेऊन ठेवला. सगळे आधी हसले, मग त्यांनी तिला जागा दिली.

ती काय बनवत होती ते मला तोवर नीट माहीत नव्हतं. तिने ते सांगितलं आमच्या थोरल्या जाऊबाईंना, मालनअक्कांना. तांदूळ निवडता निवडता अक्कांनी विचारलं, आणि तिने टॅब त्यांच्यापुढे धरला. माणसाला आत काय होतंय ते पडद्यावर दाखवायचं. बोट टेकवायचं, सरकवायचं, दाबायचं, आणि त्यावरून रंग आणि आकार उमटायचे. सहा गोल होते. आनंदाचा पिवळा, रागाचा लाल, दुःखाचा निळा, भीतीचा जांभळा, आश्चर्याचा नारिंगी.

"आन ह्यो हिरवा?"

"तो किळसेचा, काकी."

अक्कांनी तांदळाचं सूप खाली ठेवलं. "हिरव्याची किळस? मंग आमी खायाचं काय गं बाय?"

मीसुद्धा हसले. साक्षी हसली नाही. तिच्या सरांनी तिला सांगितलं होतं की हे रंगपेटीसारखं झालंय, खऱ्या माणसांवर करून बघ. खरी माणसं म्हणजे पुण्यातल्या बागेतली, असं तिने ठरवलं होतं. आता मिळाली ती पासलीची.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरी खायला बाया बांधावर बसल्या तेव्हा ती टॅब प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आली. आधी शेजारच्या हौसाबाईंपुढे धरला. हौसाबाई म्हणजे ओळीतली सगळ्यांत चपळ बाई, हाताला आणि जिभेलाही.

"मावशी, आत्ता या क्षणी तुम्हाला काय वाटतंय?"

"काय वाटायचंय? कंबर हाय का न्हाई त्येच कळंना."

"तसं नाही, मनात."

"मनात व्हय? मनात भाकर हाय."

बाया हसल्या. साक्षीने चिकाटीने त्यांचं बोट धरून पिवळ्या गोलावर टेकवलं. काही उमटलं नाही. दुसरं बोट, काही नाही. चार दिवस पाण्यात राहून बोटांची पेरं पांढरी, सुरकुतलेली झाली होती, आणि पिशवीवरून पाणी ओघळत होतं. टॅबला ती बोटं कळतच नव्हती. अक्कांचं बोटही नाही. सात जणींपैकी एकीचंही नाही.

"ऱ्हाऊ दे पोरी," हौसाबाई म्हणाल्या. "आमाला काय हुतच न्हाई म्हनून लिही."

तिने खरंच लिहिलं का कुणास ठाऊक. पिशवी घेऊन ती घराकडे गेली, आणि मी संध्याकाळी पोचले तेव्हा लॅपटॉप बंद करून चुलीपाशी बसली होती.

"मी सोडते आहे, आई."

"काय?"

"प्रोजेक्ट. हे वर्ष जाऊ दे. पुढच्या वर्षी बघू, नाहीतर नाही. दुकानात बसेन तुझ्या."

हे मी इथे स्पष्ट लिहिते, कारण तेव्हा स्पष्ट बोलले नाही. मला धडकी भरली. पाठ टेकली तर दोन्ही बाजूंच्या भिंती हाताला लागतात एवढ्या त्या दुकानात मी वीस वर्षं काढली आहेत. मला ते आवडतं, पण माझं मी निवडलं होतं. तिने तिथे हरून येऊन बसायचं, गिऱ्हाइकांना दोन्ही बाजूंनी काढू का एकाच, असं विचारत राहायचं, हे मला सहन झालं नसतं. आणि मी म्हणाले काय? म्हणाले, "सोड. पण उद्या ओळीत माणूस कमी आहे, तेवढी ये."

मी अशीच बोलते. माझ्या आईचंही असंच होतं. काम पुढे ढकललं की माणूसही पुढे सरकतं, असा आमचा समज. पुष्कळदा सरकतंही.

दुसऱ्या दिवशी ती ओळीत उभी राहिली. लावणी मागे मागे सरकत करतात. वाकायचं, रोप रोवायचं, एक पाऊल मागे. प्रत्येकीची आपापली हातभर रुंदीची पात. दोन्ही बाजूच्या बाया चपळ असतील आणि मधली रेंगाळली तर त्या तिला ओलांडून मागे निघून जातात. मग तिच्या डाव्या-उजव्या हाताला रोपांच्या भिंती उभ्या राहतात आणि मधे नुसता चिखल घेऊन ती एकटी उरते. याला कोंडणं म्हणतात. मुद्दाम कोंडतात, खेळ म्हणून. मागे सरकत बाहेर पडता येतं, पण मग पात रिकामी राहते, आणि रिकामी पात कापणीपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते.

साक्षीच्या एका बाजूला हौसाबाई होत्या आणि दुसऱ्या बाजूला मी. हौसाबाईंनी मला भुवईने खूण केली. मी हात उचलला. का, ते आता आठवून सांगता येणार नाही. राग होता थोडा. थोडी गंमत. आणि तिने जरा चिडून तरी हात चालवावा, असंही असेल. अर्ध्या तासात आम्ही तिला कोंडलं.

"कोंडली गं कोंडली! पुण्याची बाय कोंडली!"

पाऊस जोरात होता. ती कंबरेतून सरळ झाली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दोन्हीकडे गुडघाभर हिरवं. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही, कारण त्यावर काहीच नव्हतं. सहा गोलांपैकी कुठलाही लावला असता तरी तो बसला नसता.

"नाव घे आता," अक्का ओरडल्या.

हा त्यातला नियम. कोंडलेलीनं एकीचं नाव घ्यायचं. जिचं नाव येईल तिने आपली पात सोडून मागच्या बाजूने तिच्या पातीत शिरायचं आणि दोघींनी मिळून ती भरून काढायची. नाही म्हणायचं नाही. आणि त्यावर पुढे एक शब्द बोलायचा नाही, ना चेष्टेचा, ना उपकाराचा.

मी पदर खोचला होता. हातातली मूठ दुसऱ्या हातात घेतली होती. शेजारच्याच पातीत, तिच्या मागे चार पावलांवर उभी होते.

"मालनकाकी," साक्षी म्हणाली.

अक्का गेल्या. ओळीच्या पार टोकाहून, चिखल तुडवत, गुडघा धरत. दोघींनी पात भरली. कुणी काही बोललं नाही. मी माझी रोपं लावत राहिले, आणि माझी पात त्या दिवशी सगळ्यांत सरळ आली. अक्कांनी ते मला दाखवूनही दिलं.

त्या संध्याकाळी साक्षीने लॅपटॉप उघडला. मला वाटलं, बांधाबांध करते आहे. ती सहा गोल पुसत होती. पडदा काळा केला, दोन कडांना दोन हिरव्या रेघा आणि मधे एक ठिपका. मग दर थोड्या वेळाने एकेक रेघ वाढत आतल्या बाजूला सरकायची. मला म्हणाली, "धरायला काहीतरी हवं, बोटाने नाही, मुठीने."

इथे मात्र माझं काम होतं. त्या चार पट्ट्यांना पाणी लागून चालणार नव्हतं, आणि पासलीत माझं लॅमिनेशनचं मशीन नव्हतं. दुधाच्या रिकाम्या पिशव्या घेतल्या, धुतल्या, कोरड्या केल्या, पट्ट्या आत घालून कडा दुमडल्या आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून झरकन फिरवून चिकटवल्या. पहिली जळली. उरलेल्या तीन नीट झाल्या. मग माझ्या पिशवीतला ब्लाउजपीस फाडला, पेंढा भरला, मूठ शिवली. पुढचे पाच दिवस आम्ही दोघी हेच करत होतो आणि त्या पाच दिवसांत कामाव्यतिरिक्त एक वाक्य बोललो नाही. इकडचा टाका काढ. ही वायर धर. जीपवाला निघाला नाही ना? मला वाटतं, तेवढं बरं आम्ही आधी किंवा नंतर कधी जमवून घेतलं नाही.

मूठ दाबली की रेघा आत यायच्या. जोरात दाबली तर भराभर. सोडून दिली तरी थांबायच्या नाहीत, फक्त सावकाश यायच्या. मूठ किती घट्ट, किती वेळ, थरथरते का, यावर हिरव्याची दाटी बदलायची. हौसाबाईंच्या रेघा वाकड्यातिकड्या नाचल्या. दिरांच्या रेघा कितीतरी वेळ हलल्याच नाहीत आणि मग एकदम दोन्ही बाजूंनी मिटल्या. ते मूठ ठेवून गोठ्यात निघून गेले. आता पेरांच्या सुरकुत्यांची अडचण नव्हती. सगळ्यांचं काही ना काही होत होतं.

"मोकळं कसं व्हायचं पण?" अक्कांनी विचारलं.

"ते सांगायचं नाही," साक्षी म्हणाली. "ते करायचं."

मग म्हणाली, "आई, आता तू."

"मला काय होतंय? मला कामं आहेत."

"धर तर."

धरली. एवढंसं काम, उरकून टाकू म्हणून धरली. पडद्यावर दोन्हीकडचं हिरवं असं धावून आलं की ठिपका दिसेनासा झाला. मी हात सैल केला, तर तो सैलही होईना. साक्षी पडद्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

"तुझी पट्टी बिघडली आहे," मी म्हणाले.

"नाही बिघडली."

तेवढ्यात अक्कांनी काहीही न विचारता आपला हात माझ्या हातावर ठेवून मूठ धरली. त्यांचा हात थंड आणि खरखरीत होता. दुसऱ्या बाजूची पट्टी दाबली गेली आणि पडद्यावर मधल्या काळ्या चिंचोळ्या जागेत एकेक रोप उगवायला लागलं. भिंती मागे हटल्या नाहीत. त्या होत्या तिथेच राहिल्या, फक्त मधलं भरून निघालं आणि सगळं एक खाचर झालं. मी हात काढून घेतला आणि चुलीवर दूध आहे असं म्हणाले. दूध नव्हतं.

रस्ता बाराव्या दिवशी मोकळा झाला. पुण्याला तिचं सबमिशन झालं. मी गेले नाही, दुकानात गर्दी होती. नंतर तिने फोनवर सांगितलं की बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी मूठ धरली आणि ती बंद करायचं बटण कुठे आहे म्हणून शोधत राहिले. कुणीच पुढे होईना. शेवटी वर्ग झाडायला आलेल्या बाईंनी केरसुणी टेकवून, हात पुसून, दुसऱ्या बाजूने मूठ धरली. मार्क बरे पडले. पहिली वगैरे नाही आली. पण तिथल्याच एका पाहुण्यांनी बंगळूरला बोलावलं आणि ती गेली.

जायच्या आदल्या दिवशी मी तिला विचारलं होतं. तिचे डबे भरत होते, त्यामुळे तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. "त्या दिवशी अक्कांचं नाव का घेतलंस? मी जवळ होते."

ती म्हणाली, "तू आली असतीस गं. पण येताना बोलली असतीस."

"नियम आहे, बोलायचं नाही."

"तुला नियम पाळता आला असता?"

मी डब्याचं झाकण लावलं. नसता आला.

यंदा अक्का ओळीत नाहीत. तोच गुडघा, डॉक्टरांनी वाकायचं नाही असं बजावलंय. परवा त्यांचा फोन आला होता.

"सुनंदे, औंदा सावडीला आपलं दोन हात कुटनं आनायचं?"

"बघते मी."

"बगतीस म्हंजी? तू येकटी दोन पाती धरनार व्हय?"

"धरीन."

"आन दुकान?"

"तेही बघते."

अक्का म्हणाल्या, "तू समद्यांचं बगतीस. तुजं म्या बगितलंया." आणि फोन ठेवला. त्या कशाबद्दल बोलल्या ते मला कळलं. दूध नव्हतं हे त्यांना तेव्हाही माहीत होतं.

तेव्हापासून मी हिशेब मांडते आहे, दिवसांचा. चार दिवस पासली, येण्या-जाण्याचा वेळ, इथे प्रवेशाची मुदत, यांना ड्युटी. कसंही मांडलं तरी डावीकडून आणि उजवीकडून येतं आणि मधे मी. आत्ता समोर एक मुलगी उभी आहे, जातीच्या दाखल्याच्या तीन प्रती हव्यात. तिची आई शेजारी उभी राहून तिला सांगते आहे की सही नीट कर, कोपर काढ, छत्री सांभाळ. मुलगी मान हलवते आहे. मी प्रती दिल्या. मूठ काउंटरवरच आहे. त्या आईने ती उचलली, दाबून पाहिली, विचारलं, "हे काय आहे?" मी म्हणाले, "मुलीचं आहे." साडीचा टाका पुरा केला, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. दोन साड्या माझ्यासाठी पुरतात. तिसरीचं भोकही मी शिवून टाकलं, ते कशासाठी हे शिवताना स्वतःला विचारलं नाही.

९ जुलै. सकाळी सहाला साक्षीला फोन लावला. रविवार नव्हता, त्यामुळे ती घाबरली.

"आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत. चार दिवस रजा काढ. पासलीला ये."

"का? काय झालंय पण?"

"काही नाही. तुझं नाव घेतलंय."

पलीकडे एक बस गेल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत पोचते."

तिकीट मिळेल का, जेवून निघ, छत्री आण, इतकं सगळं तोंडाशी आलं होतं. मी फोन ठेवला. दुकानात गेले, कागदावर मोठ्या अक्षरांत 'लावणीसाठी बंद, सोमवारी उघडेल' असं लिहिलं, पावसात टिकावा म्हणून लॅमिनेट केला, शटर ओढलं आणि तो त्यावर चिकटवला.